आईला घेऊन काशीला चाललेय: चार दिवसांत काय बघावं, आणि आजीच्या गडूचं काय करावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन काशीला जातेय. आई ७३ वर्षांची आहे, उजवा गुडघा दुखरा. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते, पायऱ्या मात्र नको म्हणते. पूर्ण चार दिवस हातात आहेत आणि पळापळ करायची नाही असं दोघींचं ठरलंय.

जायचं खरं कारण आजीचा गडू. माझी आजी १९६१ साली गावातल्या बायकांबरोबर काशीयात्रेला गेली होती. येताना तिनं गंगेच्या पाण्याचे दोन गडू आणले, तांब्याचे, तोंड झाळून बंद केलेले. एक मावंद्याच्या, म्हणजे यात्रेहून परतल्यावर घालतात त्या जेवणाच्या दिवशी पूजा करून उघडला. त्या दिवशी किती पंगती उठल्या ते आई अजून सांगते. दुसरा आजीनं स्वतःच्या शेवटच्या वेळेसाठी म्हणून देवघरात ठेवला. ती गेली ती रात्री, दवाखान्यात, आणि गडू घरीच राहिला. ही गोष्ट आईच्या मनातून गेलेली नाही. गडू हलवला की आत अजून पाणी वाजतं. आई म्हणते, "तिच्या उपयोगी पडलं नाही, आता जिथलं आहे तिथं पोचवू या." असं करतात का? त्याचा काही विधी असतो का?

दुसरं म्हणजे, आजी कुठे उतरली होती ते आईला बघायचंय. पत्ता नाही. आजी एवढंच सांगायची, की वस्ती आपल्या माणसांची होती, बायका नऊवारी नेसून गल्लीतून जायच्या, आणि खिडकीतून गंगा दिसायची. एवढ्यावरून काही सांगता येईल का?

यात्रा कंपन्यांच्या यादीत विश्वनाथ, आरती, सारनाथ आणि साडीचं दुकान एवढंच असतं. त्यापलीकडचं सांगा. आईला तिखट चालत नाही, गोड चालतं.

ब्रह्माघाटची

ताई, तुमची आजी उतरली ती आमचीच वस्ती असणार. मी जन्मले ब्रह्माघाटावर, १९५५ साली. १९७९ ला लग्न होऊन सांगलीला आले. तुमची आजी आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. देशावरून यात्रेकरू बायका आल्या की आई मला आधी पाण्याचा तांब्या घेऊन दारात पाठवायची, आणि त्या बायका मला मराठी बोलताना ऐकून जवळ ओढून घ्यायच्या. त्यात तुमची आजी असेलही.

रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सगळा पट्टा म्हणजे काशीतला मराठी मुलूख. शहराचा हा भाग 'पक्का महाल' म्हणून ओळखला जातो. दगडी घरं एकमेकांना टेकलेली, गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर माणसानं पायरीवर चढायचं. आमच्या घरात मराठी, दारात हिंदी आणि घाटावर बनारसी बोली, असं आम्ही एका दिवसात तीन भाषांत जगायचो. नावाडी विचारायचा, "का हो, कहाँ से आवत हउआ?" आणि आजोबा त्याच बोलीत उत्तर द्यायचे.

आपली माणसं तिथं कशी आली, हे आईंना नक्की सांगा, म्हणजे त्या गल्ल्यांतून चालताना परकं वाटणार नाही. पेशवाईच्या दोनशे वर्षं आधीपासून पैठणकडची विद्वान घराणी काशीत होती. नारायणभट्ट हे मूळच्या पैठणच्या घराण्यातले. अकबराच्या काळात, १५८५ च्या सुमारास, तोडरमलाच्या साहाय्यानं विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला १६७४ साली काशीहून आलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. आणि पैठणच्याच नाथमहाराजांनी, म्हणजे संत एकनाथांनी, भागवत पुरं केलं ते काशीत बसून, शके १४९५ मध्ये. आजोबा मणिकर्णिकेवरून जाताना वर हात करून म्हणायचे, "इथं कुठंतरी मराठी भागवत लिहून झालं." जागा बोटानं दाखवता यायची नाही त्यांना, पण दर वेळी थांबायचे.

मग अठराव्या शतकात पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळ्यांनी इथं घाट बांधले, वाडे बांधले, अन्नछत्रं घातली. त्यांच्याबरोबर भिक्षुक आले, कारकून आले, आचारी आले आणि राहिले. आमचे पूर्वज बहुधा त्यातलेच.

आता तुमच्या चार दिवसांबद्दल. माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी विश्वनाथाच्या रांगेत उभ्या राहू नका. पहिल्या सकाळी दशाश्वमेधावरून नाव करा आणि पंचगंगेपर्यंत जा. भाडं नावेत बसायच्या आधी ठरवा आणि इंजिनाची नाव नको, वल्ह्याची घ्या. गंगा इथं उत्तरेला वाहते, म्हणजे तुम्ही प्रवाहाबरोबर जाल. नावाड्याला घाई नसेल तर तो वल्हं टेकवून नुसतं वाहू देतो. आईंना एक पायरी न चढता सगळे घाट दिसतील. मानमंदिराचा झरोका, मग ललिता घाट, मग मणिकर्णिका. चिता बघायची नसेल तर आईंना उजवीकडे, रेतीकडे तोंड करून बसवा. फोटो मात्र काढू नका, तिथं कुणाच्या तरी घरचं माणूस असतं.

मणिकर्णिकेच्या पुढे लगेच एक देऊळ पाण्यात कललेलं दिसेल, ते रत्नेश्वर महादेव. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो. शेजारचा शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांचा. एवढं जड बांधकाम झालं की घाटच खचला, पुढे तो पुन्हा बांधावा लागला. मग भोसले घाट, त्यावर नागपूरकरांचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ. मग गणेश घाट. तिथं अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं अमृत विनायकाचं देऊळ आहे. ते आतून बघण्यासारखं आहे, पण घाटाच्या बाजूनं पायऱ्या फार आहेत. मग रामघाट. तिथल्या सांगवेद विद्यालयातून सकाळी मुलांचा संथा म्हणण्याचा आवाज पाण्यावर येतो. थंडीत तो आवाज फार दूरवर जातो. मी अजून डोळे मिटले की मला पहिल्यांदा तोच ऐकू येतो, आरतीची घंटा नंतर.

पंचगंगेच्या जरा अलीकडे वर बालाजीचं देऊळ आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ तिथं रियाज करत असत. आजोबा सांगायचे, पहाटे स्नानाला उतरलं की वरून सनई यायची आणि थंडीत कुडकुडणारी माणसंसुद्धा अर्ध्या पायरीवर थांबायची.

पंचगंगेवर दगडाचा हजारा आहे, हजार दिव्यांचा दीपस्तंभ. तो अहिल्याबाईंचा मानतात. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीचा पहिला दिवा तिथं लागतो. याच घाटाच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीराला लागला आणि त्यांच्या तोंडचं "राम राम" हाच कबीरानं गुरुमंत्र मानला, ही कथा तिथलं लहान पोरही सांगतं. वर आलमगीर मशीद दिसते, पूर्वीचं बिंदुमाधवाचं मोठं देऊळ तिथं होतं. आजचा बिंदुमाधव जवळच्याच एका घरवजा देवळात आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. शिखर नाही, बाहेरून कळतही नाही. विचारत विचारत जा. आत गेलात की जरा बसा. तिथं कुणी उठवत नाही.

दुसऱ्या दिवशी हाच भाग वरून करा, म्हणजे पायऱ्या टळतील. मैदागिनपर्यंत ई-रिक्षा येते. तिथून आधी काळभैरव. तो काशीचा कोतवाल, त्याला न भेटता यात्रा पुरी होत नाही. काळभैरवाहून चौखंब्याच्या बाजूनं चालत ब्रह्माघाटाच्या गल्लीत शिरा. रस्ता सपाट आहे, फक्त फरशा गुळगुळीत आहेत, आईंना रबरी तळव्याचे बूट घाला. कुणालाही "मराठी मोहल्ला कुठे" असं विचारू नका, नुसतं "दुर्गाघाट" म्हणा. दारावर गणपती कोरलेला दिसला आणि आत तुळशीवृंदावन दिसलं की समजा. मराठी घरं आता थोडी उरलीत. पण गणपतीत अजून आरत्या मराठीतच होतात.

भिंतींकडे बघा. काही घरांवर पुराच्या पाण्याची खूण केलेली आढळेल. १९७८ च्या सप्टेंबरात गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती, धोक्याची पातळी ७१.२६२ आहे. मी तेव्हा २३ वर्षांची. आम्ही तळमजला सोडून वरच्या माडीवर अकरा दिवस होतो. दूध नावेतून यायचं आणि आई खिडकीतून दोरीनं बालदी सोडायची. उपाध्यांच्या घरच्या नामावळीच्या वह्या, ज्यात कुठल्या गावचं कोण कधी आलं ते लिहिलेलं असायचं, त्यातल्या बऱ्याच त्या पाण्यात भिजल्या. तुमच्या आजीची नोंद शोधायची असेल तर गावाचं नाव, आजोबांचं पूर्ण नाव आणि गोत्र लिहून न्या. मिळेल याची खात्री नाही, पण विचारा.

विश्वनाथ तिसऱ्या दिवशी. नारायणभट्टांच्या पुढाकारानं झालेलं देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं पाडलं गेलं, आणि आज आपण ज्या देवळात डोकं टेकवतो ते अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं. मधली १११ वर्षं काशीच्या विश्वनाथाला त्याच्या तोलाचं देऊळ नव्हतं. ही गोष्ट मला लहानपणी आईनं सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, की मग लोक कुठे जायचे? आई म्हणाली, "यायचे, जागेला नमस्कार करून जायचे." शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. १३ डिसेंबर २०२१ ला नवं विश्वनाथ धाम खुलं झालं, तेव्हापासून गंगेवरून थेट देवळात जाता येतं. माझ्या लहानपणीची फुलांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांची गल्ली त्यात बरीच गेली, आणि मला तिची फार आठवण येते. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पूर्वी त्या चेंगराचेंगरीत दर्शन मिळत नसे, आता मिळतं. चाकाच्या खुर्चीची चौकशी आदल्या दिवशी करा. मोबाईल आत नेता येत नाही. धामाच्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आईंना तिथं जरूर न्या. मग शेजारी अन्नपूर्णा. काशीत कुणी उपाशी झोपत नाही, ते तिच्यामुळे.

आता गडूचं. ताई, गंगेचं पाणी गंगेला परत देण्यात काहीही चुकीचं नाही. आमच्या दारी असे गडू घेऊन लोक आलेले मी पाहिलेत. मोठा विधी नाही. आईंनी स्नान करावं, नाहीतर नुसतं पाणी डोळ्यांना लावावं, आजीचं नाव-गोत्र घ्यावं आणि सोडावं. कुणी संकल्प सांगायला आलं आणि तुम्हाला हवा असेल तर दक्षिणा आधी बोलून घ्या. जागा पंचगंगा. दशाश्वमेधावर गर्दीत नको. गडूचं तोंड घरी खिळ्यानं वगैरे फोडू नका, जुनं तांबं चिरतं. ठठेरी बाजारात तांबटांची दुकानं आहेत, झाळ नीट तापवून काढतात. तिथंच नवं पाणी भरून परत झाळून मिळेल. इतक्या वर्षांचं पाणी तोंडात मात्र घेऊ नका.

आणि आईंना एक सांगा. माझी स्वतःची आजी काशीत राहून गंगेपासून चाळीस पावलांवर गेली आणि तिच्याही तोंडात वेळेवर पाणी पडलं नाही. आम्ही सगळे तिथंच होतो. दवाखान्यातली रात्र मनाला लावून घेऊ नका.

खवय्या डोंबिवलीकर

काकूंनी एवढं लिहिल्यावर माझ्याकडे फक्त पोटाचा विषय उरलाय. मी कामानिमित्त तीन हिवाळे बनारसमध्ये काढले.

जानेवारीत जाताय म्हणजे मलइयो मिळणार, ते हिवाळ्याचे दोन-तीन महिनेच असतं. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून फेस काढतात, त्यात केशर आणि वेलदोडा. कुल्हडमध्ये पिवळा फेस भरून देतात, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. फेस संपला की त्याच कुल्हडात थोडं केशरी दूध ओततात. ते न पिता उठलात तर विक्रेत्याला वाईट वाटतं. चौखंबा आणि ठठेरी बाजाराच्या बाजूला सकाळी लवकर जा. ऊन चढलं की फेस बसतो, मग काही अर्थ नाही.

नाश्ता म्हणजे कचौडी-भाजी आणि जिलबी. आपल्या कचोरीसारखी ती कडक नसते, पुरीसारखी फुगते, आत उडदाची पिठी. भाजी तिखट असते, तेव्हा आईंना नुसती कचौडी आणि जिलबी द्या, तिथले लोकही तशी खातात. टोमॅटो चाट आईंना नको, आलं-मिरची सढळ असते. तुम्ही मात्र खा. टोमॅटो तुपात शिजवून वर साखरेचा पाक आणि कुरकुरीत शेव, असा प्रकार मी दुसरीकडे कुठेच खाल्लेला नाही.

ठंडाई मागताना "सादी" म्हणा, स्पष्ट म्हणा. भांगेची वेगळी असते.

पान मगहीचं. पान चावायचं नाही, गालात ठेवून विरघळू द्यायचं, तिथं "घुलाना" म्हणतात. २०२३ मध्ये बनारसी पान आणि लंगडा आंबा दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. आंबा तुम्हाला जानेवारीत मिळणार नाही, त्यासाठी पुन्हा जावं लागेल.

ब्रह्माघाटची

हे सगळं बाहेरचं खाणं झालं. घरचं राहिलं. जानेवारीत काशीच्या प्रत्येक घरात निमोना होतो. कोवळे मटार भरडसर वाटून तुपावर परतायचे, त्यात बटाटा आणि उडदाच्या वड्या, आणि वाफेचा भात. मिरची आपल्या हातात असते, आईंना नक्की चालेल. आणि चूडा-मटर. चूडा म्हणजे पोहे. दूध-साय लावून मऊ केलेले पोहे तुपात, मटार, आलं, मिरपूड, थोडी साखर. माझ्या आईनं आपले कांदेपोहे आणि चूडा-मटर यांचं लग्न लावून टाकलं होतं. सांगलीत सासूबाईंना पहिल्यांदा करून घातले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कुठल्या देशाचे पोहे?"

मुक्कामाला घरगुती जेवण देणारी जागा मिळाली तर त्यांना निमोना कराल का म्हणून विचारा. आनंदानं करतील. रामनगरचं मोठं गोल वांगं बाजारात दिसेल, त्याला तिथं भंटा म्हणतात. त्याचा चोखा, म्हणजे भरीत, आणि बाटीही करायला सांगा.

नागपूरचा शिक्षक

सारनाथ यात्रा कंपनीच्या यादीत आहे म्हणून वगळू नका, एवढंच सांगायला आलो. त्या लोकांनी पाऊण तास दिला म्हणून जागा लहान होत नाही. चौथा दिवस पूर्ण तिथं द्या. शहरापासून सुमारे १० किलोमीटर, जमीन सपाट, बाकं भरपूर, आईंना सोयीचं.

भगवान बुद्धांनी पहिला उपदेश इथं केला, पाच जणांना. धमेक स्तूप ४३ मीटरहून उंच आहे. खालच्या दगडावर वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी आहे ती जवळून बघा, गुप्तकाळातली आहे, आणि बनारसी साडीच्या काठाशी तिचं नातं आईंनाच आधी कळेल. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष तिथं आहे. आपल्या नोटांवर, नाण्यांवर रोज बघतो ते मूळ शिल्प. त्याची झिलई दोन हजार वर्षांनंतरही हाताला ओली वाटेल अशी आहे, हात अर्थात लावू देत नाहीत. सारनाथला येताना रस्त्यात चौखंडी स्तूप लागतो. त्याच्या डोक्यावरचा अष्टकोनी बुरूज १५८८ चा, हुमायून तिथं येऊन गेल्याची आठवण म्हणून तोडरमलाच्या मुलानं बांधलेला. काकूंनी सांगितलेल्या देवळातही तोडरमल आणि इथंही त्याचंच घराणं, आणि तीन वर्षांच्या अंतरात.

मूलगंधकुटी विहार १९३१ चा. अनागारिक धर्मपालांच्या खटपटीनं झाला, आतली भित्तिचित्रं जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांची. आमच्या घरी सारनाथ म्हटलं की आणखी एक आठवण निघते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिल्यावर बाबासाहेब नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना बनारस आणि सारनाथला आले. त्यानंतर दोनच आठवड्यांत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. माझे वडील दीक्षाभूमीवर होते. मला दहाव्या वर्षी त्यांनी सारनाथला नेलं, धमेकला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग गवतावर बसून दशम्या सोडल्या. मी दर दोन वर्षांनी जातो. दुपारी चारनंतर जा, स्तूपाच्या विटा तांबूस होतात आणि तिबेटी, सिंहली, थाई असे सगळे आपापल्या भाषेत हळू आवाजात पठण करत असतात.

गोदावरीतीर

थोडं वेगळं मत. गुडघ्याचा त्रास आहे तर मुक्काम अस्सी घाटाच्या बाजूला करा. पक्क्या महालात रिक्षा दारापर्यंत येत नाही, रात्री काही लागलं तर आईंना बाहेर काढणं कठीण. अस्सीला पहाटे आरती आणि शास्त्रीय गायन असतं, बसायला ऐसपैस जागा. जवळच भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशीत होते. तुळशी घाट, संकटमोचन, दुर्गाकुंडाचं लाल देऊळ सगळं हाताशी. १९१६ चं हिंदू विश्वविद्यालयही त्याच बाजूला. त्यातलं भारत कला भवन आवर्जून बघा, लघुचित्रांसाठी. तिथं मी जाऊन आलो तेव्हा पूर्ण दालनात आम्ही दोघंच होतो.

ब्रह्माघाटची

मुक्कामाचं तुमचं बरोबर आहे. मी मनानं बोलत होते, गुडघ्याचा विचार मागे पडला. ताई, अस्सीला राहा आणि दोन दिवस आमच्याकडे, म्हणजे ब्रह्माघाटाला, या.

मैदागिनला जाल तेव्हा पराडकर भवनही बघा. बाबूराव विष्णु पराडकर काशीतल्या मराठी घरात जन्मलेले, आणि हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. 'आज' दैनिकाचे ते संपादक. आमच्या घरी तेच वर्तमानपत्र यायचं, आणि आजोबा अग्रलेख वाचून दाखवताना म्हणायचे, "आपल्या माणसानं यांना हिंदी लिहायला शिकवलं." शेजारचे हिंदी गुरुजी हसून मान डोलवायचे.

एक काळजीचं सांगते. जानेवारीत धुकं असतं, गाड्या आठ-आठ तास उशिरा येतात. परतीच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. तिकिटावर स्टेशनचं नावही नीट बघा. वाराणसी जंक्शन म्हणजे कैंट, ते वेगळं. 'बनारस' म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह. आईंना कानटोपी, दोन स्वेटर आणि पायमोजे. नावेत बसताना मांडीवर घोंगडी.

कृष्णाकाठची

जाऊन आलो. सगळ्यांना आधी नमस्कार, आईचासुद्धा.

गाडी जाताना सहा तास उशिरा पोचली, म्हणून पहिली सकाळ गेली. बाकी काकूंनी सांगितलं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी आधी ठठेरी बाजार. तांबटानं गडू हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, हे काम इथलंच आहे, बुडाचे ठोके बघा. झाळ काढायला त्याला दहा मिनिटं लागली. पाणी निम्म्याहून कमी होतं, पण स्वच्छ होतं, तळाला थोडा काळसर गाळ. आईनं वास घेतला. कसलाच वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला नाव केली. धुकं एवढं की घाट दिसतच नव्हते, नावाडी नुसती नावं सांगत होता, "ई सिंधिया घाट, ई भोंसला." आई प्रत्येक नावाला हात जोडत होती. रामघाटावर मुलांचं म्हणणं ऐकू आलं. काकू, आलं ते ऐकू. पंचगंगेला नाव लावली पण आईला उतरता येईना, म्हणून तिनं नावेच्या काठावरूनच गडू वाकडा केला. नावाडी वल्ही आत घेऊन हात जोडून बसला, त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पाणी पडलं ते दिसलंसुद्धा नाही धुक्यात, फक्त आवाज आला. मग त्याच गडूत नवं पाणी भरलं.

नोंद मिळाली नाही. दोन घरी विचारलं. एका आजोबांनी वह्या काढून दाखवल्या. आमच्या तालुक्याची पानं पाण्यानं चिकटलेली होती, उलगडेनात. त्यांनी आमची नवी नोंद मात्र लिहून घेतली, आजीच्या १९६१ च्या यात्रेसकट. आई त्यांच्या ओसरीवर तासभर बसून मराठीत बोलत होती. त्यांच्या सूनबाईंनी चूडा-मटर आणले. त्या खिडकीतून गंगा दिसत होती.

विश्वनाथाला चाकाची खुर्ची मिळाली. अहिल्याबाईंपुढे आई उठून उभी राहिली. सारनाथ शुक्रवार टाळून शनिवारी केलं. सर, चारनंतर गेलो, विटा तुम्ही म्हणता तशाच झाल्या. मलइयो आईनं दोन कुल्हड खाल्लं आणि वरचं दूधही प्यायली.

गडू परत झाळून आणलाय. पुढच्या महिन्यात मावंदं करायचं ठरलंय, पुरणाचा बेत. काकू, सांगलीहून आमचं गाव दीड तासावर आहे. तुम्ही यायचंच.

ब्रह्माघाटची

येते. तारीख कळवा. मटार दोन किलो आणून सोलून ठेवा, निमोना मी तिथंच येऊन करीन. उडदाच्या वड्या माझ्याकडे आहेत.